कुणालाच नको असलेल्या गाडीचा भाव

लातूर जिल्हा झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी एक जुनी मोटार पाहायला निघालो. मी मोटार घेणाऱ्यांतला माणूस नव्हे. कंधारच्या शाळेत मास्तर, भाड्याच्या दोन खोल्या आणि एक सायकल, एवढाच माझा पसारा. त्यात स्वभाव असा, की पेरू घेतानाही हा आतून किडका निघाला तर काय, म्हणून मी चार वेळा हातगाडी सोडून परत येणार. अशा माणसाच्या नशिबी मोटारीचा सौदा आला होता.

कारण घरात होतं. बायकोला आठवा महिना लागला होता. याआधी आमची दोन लेकरं गेली होती. पहिलं सातव्यात गेलं, रेणापूरकडच्या तिच्या माहेराहून बैलगाडीनं दवाखान्यात आणताना. दुसरं दिवस भरल्यावर, कंधारहून नांदेडला नेताना एस.टी.त. वाटेत ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, पुरुषांना खाली उतरवलं, बायांनी भोवती लुगडी धरली. सगळ्यांनी सगळं केलं, पण लेकरू हाती आलं ते गेलेलंच. तेव्हापासून मला रस्त्यात खड्डा दिसला की त्या दिवशीचा एस.टी.चा पत्रा कानात वाजायचा.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी या वेळी बजावून सांगितलं होतं की आता मधे हलायचं नाही. यायचं ते एकदाच, आडवं-उभं आपटणार नाही अशा गाडीत, आणि हळू. सांगायला सोपं होतं. गावात भाड्याची एकच जीप होती, आणि चैत्र-वैशाखात ती वऱ्हाडांनी आधीच वाटून घेतलेली. नांदेडची टॅक्सी बोलवायची तर आधी नांदेडला जावं लागायचं. मी रात्रंदिवस हाच हिशेब करायचो आणि बायको म्हणायची, "तुम्ही जरा पडा, नाहीतर माझ्याआधी तुम्हालाच न्यावं लागंल."

लातूरला नोकरीला असलेल्या एका मित्रानं गाडीची खबर दिली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब मुलाकडं नागपूरला कायमचे चालले होते आणि त्यांना गाडी विकून टाकायची होती. पण ती गाडी कोणती, तर आपल्याकडं जी कुणी घेत नाही ती. तेव्हा रस्त्यावर दोन तऱ्हेच्या मोटारी दिसायच्या. एक पुढाऱ्यांची, ऐसपैस, आणि दुसरी डॉक्टर-वकिलांची. ही तिसरी. बुटकी, दोनच दारांची, मागच्या बाजूला उगाच काढलेले दोन टोकदार कोपरे, आणि रंग पिकलेल्या लिंबासारखा. टॅक्सीवाले तिला शिवत नसत. सुटा भाग मोडला तर मद्रासहून मागवायचा आणि तो येईपर्यंत गाडीवर कोंबड्या बसवायच्या, असं तिच्याबद्दल बोललं जायचं. मला मात्र ती चालवता येण्यासारखी होती. बहात्तरच्या दुष्काळी कामांवर मी एका मुकादमाची जीप चालवली होती आणि लायसन जपून ठेवलं होतं.

साहेबांनी किंमत सांगितली होती. सुकाळ असता तर दोन चांगल्या बैलजोड्यांची किंमत. पण पावसानं लागोपाठ ओढ दिलेली, कडबा सोन्याच्या भावानं आणि बैल मातीच्या भावानं चाललेले. त्या वर्षी तेवढ्या पैशात चार जोड्या आल्या असत्या. मी दिसेल त्याला विचारत सुटलो. शाळेतले एक सहकारी म्हणाले, म्हणेल त्याच्या अर्ध्यात मागा. लातूरचा एक मिस्त्री म्हणाला, "फुकट दिली तरी घेऊ नका, गुरुजी." मित्र म्हणाला, त्या मोठ्या गाडीच्या मानानं ही एवढी स्वस्त आहे, म्हणजे यात काहीतरी काळंबेरं असणार. पाण्यात म्हैस वर मोल! यातल्या एकानंही गाडी पाहिलेली नव्हती.

मी आपला विचार करून थकलो. कापसाचा भाव मला समजतो, कारण कापूस घेणारे दहा जण असतात. भाव हा दोन गिऱ्हाइकांच्या ओढाताणीतून निघतो. जिला दुसरं गिऱ्हाईकच नाही तिचा भाव ठरवायचा कसा? साहेब म्हणाले ती किंमत जास्त म्हणावी, तर जास्त कशाच्या मानानं? कमी म्हणावी, तर तेवढीही द्यायला दुसरं कोण उभं होतं? आणि कमी असेल तर का कमी, ही पुन्हा वेगळीच भीती. शेवटी मी सासऱ्यांना निरोप धाडला.

सासरे पारखी होते. मोटारीचे नव्हे, बैलांचे. आमच्या समाजात जमीन कमी, पण त्यांनी चार एकर राखली होती, आणि आसपासच्या गावांतली सगळ्या जातींची माणसं बैल घेताना त्यांना बाजाराला सोबत नेत. दात बघून वय, चालीवरून खोड आणि मालकाच्या डोळ्यांवरून भाव, ही त्यांची विद्या. बाजारातला सौदा तोंडानं होत नाही. हातावर उपरणं टाकायचं, खाली समोरच्याची बोटं धरायची, दाबतील तेवढी बोटं म्हणजे तेवढा भाव. आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. सासरे म्हणायचे, सगळ्या मुलखात ही एकच जागा, जिथं हात कुणाचा हे कुणी विचारत न्हाई, बोटं किती तेवढंच विचारतात.

लातूरच्या बसस्टँडवर ते माझ्या आधीच येऊन बसले होते. कमरेला पैशांची पिशवी. चाऱ्यावाचून उभी राहिलेली जोडी त्यांनी त्याच आठवड्यात विकली होती. त्यात मी प्लॉटसाठी साठवलेले घालायचे असं ठरलं होतं. लातूर जिल्हा झाल्यापासून प्लॉटचे भाव असे चढले होते की नाहीतरी तो प्लॉट माझ्या हाती लागणार नव्हताच.

"तोंड उघडायचं न्हाई," चालता चालता त्यांनी मला दम दिला. "चांगली हाय म्हणायचं न्हाई. पसंत पडली तर जास्तच तोंड वाकडं करायचं. अन् पोरीचं नाव तर काढायचंच न्हाई. गरज कळली की भाव चढतो."

"बरं, मामा."

"अन् सौदा होईस्तोवर त्याच्या घरचं पाणी प्यायचं न्हाई. पाणी पिलं की माणूस मऊ पडतो."

साहेब अंगणातच होते. उंच, पांढऱ्या केसांचे, बोलणं पुण्याकडचं, पण तिऱ्हाइतासारखं नव्हे. आम्ही टेकतो न टेकतो तोच त्यांनी स्वतः आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. अख्खं गाव टँकरमागं धावत होतं त्या दिवसांत काठोकाठ भरलेला तांब्या. सासऱ्यांनी हात जोडून नको म्हटलं. मग मलाही नको म्हणावं लागलं. माझी जीभ टाळूला चिकटली होती. आमच्या बापजाद्यांनी वरून ओतलेल्या पाण्यासाठी ओंजळी धरल्या, आणि इथं एक माणूस आपल्या हातानं तांब्या पुढं करतोय तर आम्ही नको म्हणतोय! साहेब काय समजले असतील, या विचारानं मी त्यांच्याकडं पाहायचंच टाळलं.

गाडी चिंचेखाली उभी होती. साहेबांनी तिचं बोनेट उघडलं, आणि सासरे दोन पावलं मागं सरले. कारण त्या गाडीचं नुसतं झाकण उघडत नसे, पुढचा अख्खा जबडाच, दिव्यांसकट, पुढं वासला जायचा. मग सासरे वाकले आणि आत असे पाहू लागले की आता दात मोजतात की काय. इंजिनातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण चेहऱ्यावर नापसंती मात्र अस्सल होती. मी गाडी चालू केली, पुढं घेतली, मागं घेतली. आवाज स्वच्छ होता. अंगणातल्या दगडावरून चाक गेलं तरी आत धक्का जेमतेम जाणवला. मी मनातून हरखलो आणि तोंड कडू करून खाली उतरलो.

"मागच्या पायानं फेंगडी हाय," सासरे म्हणाले.

"बरोबर ओळखलंत," साहेब हसले. "वळणावर तिची मागची चाकं जरा तिरकी होतात. जोरात वळवायची नाही. सुटे भाग इथं मिळत नाहीत. डाव्या दाराची काच शेवटपर्यंत वर जात नाही. बाकी काही लपवलेलं नाही."

सासऱ्यांची पंचाईत झाली. त्यांच्या आयुष्यात जनावराची खोड मालकानं आपण होऊन सांगितली नव्हती. ज्यानं एवढं सांगितलं त्यानं केवढं दडवलं असेल, हे त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट वाचता आलं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, उजव्या हातावर टाकलं आणि हात साहेबांपुढं केला.

साहेबांनी क्षणभर त्या हाताकडं पाहिलं. मग अगदी आपुलकीनं उपरण्याखाली हात घालून तो धरला. सासऱ्यांनी बोटं दाबली. साहेबांनीही दाबली. सासऱ्यांनी पुन्हा दाबली. साहेबांनी हात चांगला वरखाली हलवला आणि म्हणाले, "आलात, बरं वाटलं. या हं."

मी सांगायला हवं होतं. पण तोंड उघडायचं नाही असा हुकूम होता, आणि हसू, भीती आणि तहान यांनी माझा मेंदू बंद पडला होता. सासऱ्यांनी उपरणं झटकलं, मला डोळ्यानं खूण केली आणि आम्ही फाटकाबाहेर पडलो.

"मागं पाहू नका," ते पुटपुटले. "हाक मारतो आता."

बाजारात असंच असतं. पहिल्यांदा उठून जायचं, मालक हाक मारतो. पुन्हा बसायचं, पुन्हा उठायचं. दोन-तीन वेळा उठल्याशिवाय खरा भाव निघत नाही. आम्ही अगदी हळू चाललो. कोपऱ्यावर सासरे बिडी पेटवायला थांबले. बिडी पेटली, अर्धी झाली, हाक आली नाही. पुढं नव्या कचेरीच्या पाटीला रंग देत होते, तिथं थांबून आम्ही ती पाटी वाचली. मी तीन वेळा वाचली. हाक आली नाही. असं करत करत आम्ही चक्क बसस्टँडवर येऊन पोचलो.

"लई कडक मालक हाय," सासरे म्हणाले. पण आवाज उतरला होता.

"मामा, त्यांना बोटांचं कळलंच नसेल. त्यांना वाटलं आपण निरोप घेतला."

"बोटाचं कळत न्हाई असा माणूस असतो का?"

मी चिडलो. आयुष्यात सासऱ्यांवर आवाज चढवला तो तेवढ्याच वेळी. "असतो! पुण्याचा असतो! आणि आपण आता परत जायचं की नाही ते सांगा, मला बसवत नाही इथं."

"परत गेलं की तो म्हणंल तो भाव. आपुन होऊन परत जाणाऱ्याला किंमत न्हाई, जावईबापू."

एवढ्यात नांदेडची एस.टी. लागली. नेहमीची झोंबाझोंबी सुरू झाली. खिडक्यांतून रुमाल, टोप्या, एक चप्पलसुद्धा सीटवर जाऊन पडली. त्या गर्दीत एक बाई होती. पोट चांगलं पुढं आलेलं, एका हातानं ते धरलेलं आणि दुसऱ्या हातानं दांडी धरायला पाहणारी. तिच्या पाठीशी तिची सासू असावी, ती ओरडत होती, बाई जड आहे, सरका जरा. कुणी मुद्दाम ढकलत नव्हतं. कुणाला थांबायलाही येत नव्हतं. तिला पायरीवर एकदा धक्का बसला, मग दुसऱ्यांदा, मग ती आत गेली.

सासऱ्यांच्या हातातली बिडी विझली होती. बस हलली तरी ते तिकडंच पाहत होते.

"मी कशाचा भाव पाडून राहिलो?" ते एकदम म्हणाले. मला वाटलं ते माझ्याशी बोलतायत, पण ते माझ्याकडं पाहत नव्हते. "दोन गेली. अन् मी इथं बसून तिसऱ्याचा भाव पाडून राहिलो."

मग ते उठले आणि चालू लागले. साठी उलटलेला माणूस, पण मला पळत गाठावं लागलं.

साहेब जेवायला बसले होते. आम्हाला दारात पाहून तसेच उठले.

"साहेब," सासरे उभ्या उभ्याच म्हणाले, "मघाशी मी भाव करून राहिलो होतो. तुम्हाला कळलं न्हाई, त्यात तुमची चूक न्हाई. माझी पोर भरल्या दिवसांची हाय. आधीची दोन वाटेत गेली. एक माझ्याच बैलगाडीत गेलं. तिला नांदेडला न्यायला गाडी पाह्यजे."

बाजारात जे कधीच सांगायचं नाही ते सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. मी डोळे मिटून घेतले. आता भाव चढणार, आणि त्याला आमच्याकडं पैसे नाहीत.

साहेबांनी उष्टा हात धुतला. मग म्हणाले, "अहो, हे आधी सांगायचंत. मी उगाच ती किंमत सांगितली. मुलगा म्हणाला एवढे मागा, म्हणून मागितले. ही गाडी पाहायला बरेच जण आले, सगळे हसून गेले. न हसता हात मिळवून गेलात ते तुम्हीच. तुम्हाला जमेल तेवढे द्या."

माझा जीव भांड्यात पडला. मी मनातल्या मनात आकडा घटवायलासुद्धा लागलो, आणि तेवढ्यात सासरे म्हणाले, "न्हाई."

मी मागून त्यांचं उपरणं ओढलं.

"न्हाई, साहेब. तुमच्या तोंडून निघाला तोच भाव. लेकराच्या कामाला घासाघीस नको." त्यांनी पिशवी सोडली आणि मला माझे पैसे काढायला सांगितले. मी काढले. प्लॉट गेला, बैल गेले, आणि वरून मालक स्वतः कमी करत असताना आम्ही पुरी किंमत मोजत होतो. असा सौदा लातूरच्या मुलखात झाला नसेल. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटत होतं. पैसे दिल्यावर सासऱ्यांनी स्वतः पाणी मागितलं आणि तो तांब्या एका दमात रिकामा केला.

कंधारला आल्यावर माझी काळजी संपेल असं मला वाटलं होतं. ती दुप्पट झाली. आधी गाडी नव्हती ही एकच काळजी होती, आता गाडी चालू होईल की नाही ही दुसरी. रोज पहाटे मी ती चालू करून पाहायचो. शेजारी म्हणायचे, गुरुजींनी कोंबडा पाळलाय. सासरे आमच्याकडंच राहिले. टँकरच्या पाण्यातून रोज एक डबा ते गाडीसाठी बाजूला काढून ठेवत, आणि स्वतः मात्र ओल्या फडक्यानं अंग पुसून भागवत.

एका सकाळी, ऊन चढायच्या आत, बायकोनं हाक मारली. तिचा चेहरा पाहूनच मला कळलं. तिला पुढच्या सीटवर बसवलं, पाठीशी गोधडी दिली, सासरे मागच्या सीटवर वाकून बसले आणि आम्ही निघालो. त्या रस्त्याचा खड्डान् खड्डा मला पाठ होता. प्रत्येकापाशी मी गाडी जवळजवळ उभी करून चाक उतरवत होतो. दर थोड्या वेळानं थांबून, बोनेट उघडून इंजिन तापलंय का पाहत होतो. वाटेत जिथं त्या वेळी एस.टी. थांबली होती, ती जागा आली. मी आपला पुन्हा गाडी थांबवायला लागलो, तेव्हा बायकोनं कळ दाबून धरत माझ्या हातावर हात ठेवला.

"गाडी बरी चालून राहिली," ती म्हणाली. "तुम्हीच तापलात. चला."

मी चाललो. तिरक्या चाकांची, कुणालाच नको असलेली ती गाडी पाळण्यासारखी हलकी डुलत नांदेडला पोचली.

दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, मुलगी आहे, दोघी ठीक आहेत. मला काहीच कळेना. मी तोंडाला येईल ते विचारत राहिलो, रडत राहिलो, आणि त्या हसत म्हणाल्या, "मास्तर, पास झालात." मी सासऱ्यांना शोधत बाहेर धावलो. ते फाटकाजवळ, गाडीपाशी उभे होते. तिथं एक जीपवाला ड्रायव्हर तंबाखू मळत त्या लिंबाच्या रंगाच्या गाडीभोवती फेरी मारत होता. मी सासऱ्यांच्या कानाशी लागून सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग गाडीच्या पाठीवरून हात फिरवला.

ड्रायव्हरचं आमच्याकडं लक्ष नव्हतं. त्यानं टायरला लाथ मारून पाहिली आणि विचारलं, "चाचा, कितीला घेतली हो ही?"

सासऱ्यांनी डोळे पुसले आणि खरा आकडा सांगितला. एक पैसा कमी सांगितला नाही.

ड्रायव्हर तंबाखू मळायचा थांबला. "एवढे? या गाडीला? काही भाव केला की न्हाई?"

"न्हाई केला."

"मग लई फसलात की, चाचा!"

"हाव," सासरे म्हणाले आणि तोंडभर हसले. "फसलो." आणि नात बघायला आत गेले.